कानावरची खूण

भाड्याने आणलेला निळा ओव्हरऑल अंगावर चढवायला अण्णांना बावीस मिनिटं लागली. आत लोकरीचं बनियन, त्यावर दोन स्वेटर, त्यावर माझ्या नवऱ्याचं जाकीट आणि सगळ्यावर हे धूड. चेन गळ्यापर्यंत ओढली आणि आरशात बघून म्हणाले, "युरियाचं पोतं दिसतंय." बूट दोन नंबर मोठे होते म्हणून मी बदलून मागायला गेले, तर काउंटरवरच्या बाईने नकारार्थी मान हलवली. बूट सैलच हवेत, आत हवा राहिली तरच पाय गरम राहतात, घट्ट बुटात आधी बोटं जातात. अण्णांना हे लगेच पटलं. मला पटायला संध्याकाळ उजाडावी लागली, कारण मी हट्टाने माझेच बूट घातले होते.

अण्णा माण तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक होते. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात काढली, म्हणजे खरं तर मोटरसायकलवर आणि गोठ्यांत. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच माझ्याकडे स्टॉकहोमला आले आणि आले तेही हिवाळ्यात. महिनाभर खिडकीपाशी बसून त्यांनी एकच प्रश्न विचारला: "तुमच्यात दिवस कवा उगवतो?" मग मी म्हटलं, अंधारच बघायचा तर नीट बघू. फेब्रुवारीच्या मध्यावर शुक्रवार ते रविवार अशी तीन दिवसांची सहल बुक केली. किरुना, युकासयार्वी, अबिस्को, म्हणजे स्वीडनचं उत्तर टोक, सोबत गाइड, "सामी संस्कृतीची ओळख" (सामी म्हणजे तिथले रेनडिअर पाळणारे मूळ रहिवासी) आणि "नॉर्दर्न लाइट्स बघण्याची संधी", म्हणजे रात्री आभाळात हलणारा तो उत्तरेचा प्रकाश. जाहिरातीत अख्खं आकाश हिरवं होतं आणि 'संधी' हा शब्द अगदी बारीक अक्षरात.

स्टॉकहोमहून रात्रीची गाडी पंधराएक तास घेते. ध्रुववृत्त ओलांडताना रुळाच्या कडेला पाटी दिसते म्हणे. आमचं ध्रुववृत्त अण्णा बेसिनपाशी दाढी करत असताना गेलं. त्यानंतरही किरुना आणखी दीडशेएक किलोमीटर उत्तरेला आहे. उतरल्यावर पहिला श्वास घेतला आणि नाकाच्या आत काहीतरी चरचरलं. नाकातले केस गोठले होते. उणे २२.

मिनीबसमध्ये आम्ही आठ जण होतो: आम्ही दोघं, एक निवृत्त डच जोडपं, तीन स्पॅनिश मुली आणि गळ्यात तीन कॅमेरे अडकवलेले एक जपानी गृहस्थ. गाइड जर्मनीतला पोरगा, इथे त्याचा दुसराच हिवाळा. मुलगा गोड होता, पण विचारलेल्या तीन प्रश्नांपैकी दोनांची उत्तरं तो फोनमध्ये शोधून द्यायचा.

किरुना हे गाव खाणीसाठी वसलं, १९०० साली, आणि आता खाणीपायीच उठतंय. जगातली सर्वात मोठी भूमिगत लोखंडाची खाण गावाच्या पोटाखाली तिरकी उतरत गेली आहे. जसजसं खनिज काढतात तसतशी वरची जमीन खचते. म्हणून गावाचा मध्यच तीनेक किलोमीटर पूर्वेला नेला आहे. नव्या चौकात नवं नगरपालिका भवन आहे आणि त्याच्या शेजारी जुन्या भवनाचा घड्याळाचा मनोरा आणून उभा केलाय. गाइड हे सगळं नवल म्हणून सांगत होता. अण्णांना त्यात नवल वाटलं नाही. "म्हंजे धरणग्रस्त," ते म्हणाले. मग त्यांनी मला भरपाईचं विचारायला लावलं. खाण कंपनी घराच्या बाजारभावावर २५ टक्के जास्त देते किंवा नवं घर देते, असं कळल्यावर ते बराच वेळ गप्प बसले. त्यांच्या नोकरीतली सुरुवातीची काही वर्षं पाटणकडे गेली होती. कोयनेची माणसं अजून कागद घेऊन हेलपाटे घालतात, हे ते त्या डच काकांना माझ्याकरवी सांगत राहिले आणि काकांनी भलत्याच आस्थेने ऐकून घेतलं.

गावातलं लाल लाकडी चर्च १९१२ सालचं. सामी लोकांच्या झोपडीसारखा उतरता आकार, आत वेदीवर राजपुत्र ऑयगेनने काढलेलं चित्र. आम्हाला आत जायला मिळालं नाही, कारण तेही हलवायचं होतं आणि तयारी चालू होती. भिंती न सोडवता, अख्खंच्या अख्खं. ६७२ टन. त्याच वर्षी, २०२५ च्या ऑगस्टमध्ये, दोन दिवसांत ते पाच किलोमीटर नेलं, तेव्हा अण्णा गावी होते आणि मी व्हिडिओ कॉलवर टीव्हीपुढे फोन धरून त्यांना दाखवत होते. "बैलगाडीपेक्षा सावकाश चाललंय," एवढंच म्हणाले.

जाता जाता गाइडने अवकाश भौतिकी संस्थेची इमारत दाखवली. २००८ च्या चांद्रयान-१ वरचं 'सारा' हे उपकरण या संस्थेच्या सहभागाने बनलं होतं, हे मला माहीत होतं. मी सांगितलं आणि अण्णांनी ते लगेच जपानी गृहस्थांच्या कानावर घातलं, मराठीतून.

युकासयार्वीच्या बर्फाच्या हॉटेलाबद्दल फार लिहीत नाही, फोटो सगळ्यांनी पाहिलेत. टोर्ने नदीतून मार्चमध्ये बर्फाच्या लाद्या कापून ठेवतात, पुढच्या हिवाळ्यात त्यांतून खोल्या उभारतात आणि वसंतात सगळं परत नदीत. खोलीत उणे पाच, म्हणजे बाहेरून आत गेल्यावर चक्क ऊब वाटते. बर्फाच्या पलंगावर रेनडिअरचं कातडं पसरलेलं होतं. बाकी लोक नक्षी बघत होते. अण्णा हातमोजा काढून त्या कातड्याचे केस दोन बोटांत चोळत बसले. केस पोकळ असतो, आत हवा भरलेली. बुटांचा न्याय इथेही लागू होता.

त्या रात्री अकरा ते दीड आम्ही एका गोठलेल्या तळ्यावर उभे होतो. ढग. माझ्या बोटांचं काय होतंय ते कळेनासं झालं, फोन ४० टक्के बॅटरी दाखवत असतानाच मिटला. हॉटेलवर परतलो आणि पांघरुणात शिरतोय तोच खालून एक दबका धक्का आला, टेबलावरचा पेला किणकिणला. मी दचकले. खाणीत रोज रात्री याच सुमाराला सुरुंग उडवतात, लोक कुशीही बदलत नाहीत, असं सकाळी कळलं. अण्णांनीही बदलली नव्हती.

शनिवारी सामी लोकांकडे. इथे मला थोडी धास्ती होती. अशा सहलींमध्ये कुणालाही रंगीत पोशाख चढवून उभं करतात आणि त्याला संस्कृती म्हणतात, हे ऐकून होते. पण रानाच्या कडेला बस थांबली तिथे जी बाई पुढे आली ती मळक्या तपकिरी कामाच्या कपड्यांत होती, कमरेला पट्टा, पट्ट्याला सुरी. पंचेचाळिशीची असेल. आल्या आल्या तिने दोन गोष्टी सांगितल्या. आम्ही सामी, 'लॅप' म्हणू नका, ती शिवी आहे. आणि गाक्ति, म्हणजे आमचा निळा-लाल पोशाख, लग्नाकार्याला घालतो, जनावरं चारायला नाही. स्पॅनिश मुलींचे चेहरे जरा पडले.

कुंपणात पंधरावीस रेनडिअर होते. मागे तिचा काका, सत्तरी ओलांडलेला, सैल दावं हातात घेऊन उभा. त्याला इंग्रजी येत नव्हतं. सामी आणि स्वीडिश. त्यामुळे पुढचा दीड तास अण्णांचं मराठी माझ्या मोडक्या स्वीडिशमधून त्याच्यापर्यंत आणि त्याचं तसंच उलट, असा प्रवास झाला. बाकीचे सहाजण बाईंबरोबर इंग्रजीत, आम्ही तिघं कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला.

प्रत्येकाच्या हातात तिने मूठभर पांढुरका, कुरळा चारा दिला. बर्फाखाली उगवणारं लायकेन. रेनडिअर हिवाळ्यात खुराने बर्फ उकरून तेच खातात, आणि ते वर्षाला काही मिलिमीटरच वाढतं. अण्णांनी नाकाशी नेलं. "दगडफूल," म्हणाले. आणि खरंच, तीच जात. आपण काळ्या मसाल्यात चिमूटभर घालतो ते ही जनावरं घमेल्याने खात होती. एक स्पॅनिश मुलगी चावेल म्हणून हात मागे घेत होती. अण्णांनी रेनडिअरचा वरचा ओठ अंगठ्याने उचलून तिला दाखवलं: वर पुढचे दात नसतात, गाईसारखं. काकाने ते पाहिलं. तिथून तो आमच्याजवळून हलला नाही.

जनावर चाललं की पायातून टिकटिक आवाज येत होता. अण्णा गुडघ्यावर वाकून ऐकत राहिले. त्यांना सांध्याचा आजार वाटला. काका हसला. शीर हाडावरून सरकते तेव्हा होतो तो आवाज. बर्फाचं वादळ असलं, काही दिसत नसलं, तरी त्या आवाजावर कळप एकत्र राहतो.

मग अण्णांनी शिंगं बघितली. माज संपला की नरांची शिंगं हिवाळ्याच्या तोंडाशीच गळतात, माद्यांची विणीपर्यंत टिकतात. म्हणजे फेब्रुवारीत शिंगवाली दिसते ती बहुधा मादी. पण घसरगाडीला जुंपलेल्या दोघांना शिंगं होती आणि ते मादी नव्हते, हे अण्णांना एका नजरेत कळलं. "खच्ची केल्यात," ते म्हणाले, "कशानं करतात विचार." आयुष्यात मी कधी स्वीडिशमध्ये हे विचारेन असं वाटलं नव्हतं. काकाने सांगितलं, आता चिमट्याने. आणि पूर्वी? त्याने टोपी मागे सारली आणि स्वतःच्या दातांवर बोट ठेवलं. चावून. कातडी न फाडता. अण्णा एवढे खूश झाले की त्यांनी बर्फातच बसकण मारली. आमच्या गावात बैल दगडाने ठेचायचे, मग बर्डिझोचा चिमटा आला, तो मी दुष्काळाच्या साली पहिल्यांदा वापरला, हे सगळं हातवारे करून सांगितलं. मी निम्मंच भाषांतर केलं. उरलेलं हातांनीच पोहोचलं.

कानाची गोष्ट इथेच निघाली. प्रत्येक जनावराच्या दोन्ही कानांच्या कडा कापलेल्या होत्या, कुठे खाच, कुठे टोक उडवलेलं. काकाने काठीने बर्फावर दोन कान काढले आणि त्यावर कापे दाखवले: हा माझा, हा पुतणीचा, हा माझ्या आईचा होता. उन्हाळ्यात पाडसं आईच्या मागोमाग धावतात तेव्हा आई ओळखून पाडसाला पकडतात आणि सुरीने खूण करतात. खुणेची नोंद असते. हजार जनावरं मिसळली तरी कान बघून मालक सांगता येतो. अण्णांनी काठी मागून घेतली आणि शेजारी मेंढीचा कान काढला. माणमधली धनगरांची खूण, उजव्या कानाला मागून एक चिरा. तो वाडा दरवर्षी दिवाळीनंतर खाली कोकणाकडे उतरायचा आणि परतताना आमच्या रानात मेंढरं बसवायचा. त्या दोघांनी बर्फात किती कान काढले कुणास ठाऊक, जपानी गृहस्थांनी त्याचे फोटो काढले आहेत.

मध्येच अण्णांनी एका रेनडिअरच्या पाठीवरून बोटं फिरवली, कातडीखाली गाठी लागतात का बघायला. गोचीडमाशीसारखी एक माशी त्यांनाही छळते, तिच्या अळ्या पाठीत वाढतात. काकाने बोटांकडे बघितलं आणि म्हणाला, "आयव्हरमेक्टिन."

"आयव्हरमेक्टिन!" अण्णा ओरडले. जंत-अळ्यांवरचं औषध, तेच.

दोघांनी एकमेकांचे हात धरले. दीड तासात मी मध्ये नसताना झालेलं हे पहिलं संभाषण.

तेवढ्यात स्पॅनिश मुलींपैकी एकीने बाईंना विचारलं, तुमच्याकडे एकूण रेनडिअर किती? बाई हसून म्हणाली, "तुझ्या खात्यात एकूण पैसे किती?" मुलगी लाजली. बाई म्हणाली, राग नाही, सगळेच विचारतात, पण आमच्यात हे विचारायचं नसतं. मी अण्णांना सांगितलं. "बरोबर हाय तिचं," ते म्हणाले. "मेंढक्याला इच्यारलं की निम्मी सांगतो. आंत्रविषाराची लस द्यायला जायचो, तवा तो म्हणंल शंभर, आपण डोस न्यायचे दोनशे."

जेवण लाव्वूत होतं. लाव्वू म्हणजे खांबांचा शंकूच्या आकाराचा तंबू. जमिनीवर बर्चच्या डहाळ्या, त्यावर कातडी, मध्ये चूल, धूर वरच्या भोकातून. चुलीच्या पलीकडे, दारासमोरची जागा स्वयंपाकाची, तिला बोअश्शू म्हणतात. अण्णा ताटली द्यायला सरळ तिथून निघाले, तर काकाने हात आडवा केला. तिथून ओलांडून जायचं नाही, वळसा घालून यायचं. जुन्या काळी तीच तंबूतली पवित्र जागा. अण्णा वळसा घालून आले.

इथे गडबड झाली. अण्णा मटण खातात, पण शनिवारी नाही. मारुतीचा वार. मी बुकिंग करतानाच एकासाठी शाकाहारी असं लिहिलं होतं, सहलवाल्यांचा होकारही आला होता. बाईंना त्यातलं काहीच कळवलेलं नव्हतं. तव्यावर सुओवास परतून तयार होतं, धुरावलेलं रेनडिअरचं मांस, त्याच्या चरबीचा वास सगळीकडे. गाइड फोन काढून कुणाला तरी मेसेज करू लागला. बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, आजार आहे की देव? मी म्हटलं, देव. तिने मान डोलावली आणि पिठाचा डबा ओढला. हातावर थापून चुलीवर गाहक्कू भाजली, जाडसर, मऊ, बडीशेपेचा वास असलेली भाकरी. वर लोणी. अण्णांनी तीन खाल्ल्या. नंतर लाकडी पेल्यात उकळलेली कॉफी आणि तिच्यात चीजचे तुकडे. कॉफीत चीज म्हटल्यावर मी बिचकले. ते विरघळत नाही, दाताखाली करकर वाजतं. खरवसाच्या वडीचा आणि कॉफीचा संसार लावून दिलाय असं वाटतं. मला आवडलं, अण्णांना नाही.

डच काकूंनी योइक, म्हणजे सामींचं पारंपरिक गाणं, ऐकवाल का म्हणून विचारलं. बाईने लगेच हो म्हटलं नाही. पाद्री लोकांनी योइक पाप ठरवलं होतं, काकाच्या शाळेत सामी बोललं तरी शिक्षा व्हायची, वसतिगृहात सात वर्षांची पोरं महिनोन्‌महिने आईबापांपासून लांब. हे तिने तक्रार म्हणून नाही, हवामान सांगावं तसं सांगितलं. मग चुलीकडे बघत एक योइक म्हटलं. शब्द जवळपास नव्हतेच, सूर गोल फिरत राहिला आणि मध्येच थांबला. टाळ्या वाजवाव्यात की नाही कुणाला कळेना. ते कुणाबद्दल आहे असं विचारल्यावर ती म्हणाली, बद्दल नाही, ती माझी आजीच आहे. "अर्धवट तोडलं," अण्णा माझ्या कानात पुटपुटले. योइकला सुरुवात-शेवट नसतोच, असं नंतर तीच म्हणाली.

निघताना मी तिला विचारलं, हे पर्यटन कशासाठी. ती सरळ म्हणाली, पेंडीच्या पैशासाठी. पूर्वी हिवाळाभर कोरडी थंडी असायची. आता मध्येच पाऊस पडतो, मग गोठतो, लायकेनवर बर्फाचं कवच बसतं आणि जनावराला खालचा चारा लागत नाही. मग विकतची पेंड. एका जागी खायला घातलं की गर्दी होते आणि डोळे येण्याची साथ पसरते. वरून किरुनाजवळ दुर्मिळ खनिजांचा मोठा साठा सापडल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालंय, तिथे खाण झाली तर गाब्ना या सामी गटाची कळप नेण्याची वाट तुटेल. लोक इलेक्ट्रिक गाड्या चालवतील, ती म्हणाली, आणि आम्हाला म्हणतील बघा, निसर्गासाठी केलं. तिने हे म्हणताना डच काकांच्या छान इलेक्ट्रिक गाडीच्या गोष्टी सकाळी ऐकल्या होत्या की नाही, माहीत नाही.

रात्री अबिस्को. पश्चिमेचे डोंगर ढग अडवतात म्हणून तिथे आभाळ मोकळं राहतं. तोर्नेत्रेस्क तळ्याच्या बर्फावर साडेबाराला गाइड ओरडला. मला फक्त एक फिकट, राखाडी पट्टा दिसला, आकाशगंगेपेक्षा थोडा ठळक. "ढग हाय," अण्णा म्हणाले. जपानी गृहस्थांनी कॅमेऱ्याचा पडदा दाखवला, त्यात तो हिरवागार होता. जाहिरातीतला हिरवा तो हाच, कॅमेऱ्याच्या डोळ्याचा. मग त्या ढगाने एकदम अंग झटकलं. डोंगरांमधल्या एका अर्धगोल खिंडीवरून पडदा हलावा तसा खालून वर हलला, कडा खरोखर हिरवी, खाली गुलाबीची एक रेघ, आणि दहा मिनिटांत विझला. कुणीतरी शिट्टी वाजवली. दुपारी बाईने बजावलं होतं, या प्रकाशाकडे बघून शिट्टी वाजवायची नाही, तो खाली येऊन घेऊन जातो. अण्णांनी मागे वळून बघितलं, तर गाइड.

रविवारी अबिस्कोहून परतताना लोखंडाच्या मालगाड्या समोरून नार्विक बंदराकडे जात राहिल्या. अण्णा डबे मोजत होते. किरुनाला गाडी बदलून स्टॉकहोमच्या गाडीत बसलो. चारच्या सुमारास, उजेड निळा होत असताना, गाडी रानात थांबली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग घोषणा झाली, रुळावर रेनडिअर आहेत.

अण्णा उठले, बाहीने काच पुसली, मग चष्मा पुसला, मग परत काच. दहाबारा जनावरं रुळाच्या कडेने संथ चालली होती, आमच्याकडे पाठ करून.

"कान दिसत न्हाईत हिथनं," ते म्हणाले, आणि पुढच्या डब्याकडे निघाले.